पाचव्या मुक्कामाची खोली

१

"मधुभाऊ, दुसरी कुठलीबी गोष्ट सांगा," केरबा म्हणतो, "पण ती सायकलची नको. ती ऐकली की मला दाराकडं पाठ करून झोप लागत नाही."

केरबा कोल्हापूरकडचा, क्रेन चालवतो. दोह्यातल्या एशियन टाउन या कामगारवस्तीच्या मागच्या बाजूला त्याच्या खोलीत हल्ली माझीही एक खाट आहे. खालची त्याची, वरची माझी. पन्नाशी उलटलेला माणूस शिडीवरून खाटेवर चढायला लागला की खोलीतली पोरं भिंतीकडे तोंड करून हसतात. हसू देत. माझं घर अल गराफाला होतं, तिथे झोपायला शिडी लागत नव्हती. केरबाला ऐकवत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

दोह्यातल्या आमच्या मराठी घरांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, ‘शुक्रवार मिसळ’. दर शुक्रवारी कोणाच्या तरी घरी मिसळ व्हायची, आणि मिसळीवर तर्री तशी माझी गोष्ट. उंटांच्या शर्यतीत पाठीवरचा यंत्राचा जॉकी बंद पडला म्हणून एका शेखने मलाच उचलून उंटावर बसवलं, ही माझी. हमूर मासा चिरताना पोटातून मोती निघाला आणि तो मी दाढेत बसवून घेतला, हीसुद्धा माझीच. दाढ दाखवा म्हटलं की मी जांभई द्यायचो. कैवल्य म्हणून आमच्यातला तिशीचा एक मुलगा, पुण्याचा, सायकलवेडा. तो प्रत्येक गोष्टीनंतर भाव जाहीर करायचा. "उंट वीस टक्के खरा. मोती पाच टक्के. मधुकाका, आज सेल जोरात आहे!" सगळे हसायचे. मीही हसायचो. चाळीस टक्क्यांच्या वर मी कधी गेलो नाही.

माझी बायको नयना तेवढी हसायची नाही. ती शांतपणे पाव वाढत राहायची. तिला खोटं आवडत नव्हतं असं नाही. तिला अर्धवट आवडत नव्हतं.

तिची एक इच्छा होती. फ्रान्समध्ये लोआर नदीच्या काठाकाठाने सायकलवरून हिंडायचं. जुने राजवाडे, पांढऱ्या दगडांची गावं, पाच मुक्काम, रोज वेगळी खाणावळ, रोज वेगळी खोली. मुलगी गार्गी शिकायला कॅनडात गेली, घर एकदम मोठं झालं आणि नयनाने नकाशा घेतला. यंदाच्या जुलैत जायचं ठरलं. व्हिसाची अपॉइंटमेंट काढायचं काम माझ्याकडे.

"झालं का हो?"

"होतंय."

उन्हाळ्यात अर्धं दोहा युरोपला पळतं हे माझ्या लक्षात येईपर्यंत तारखा सप्टेंबरात गेल्या होत्या. तोवर ग्रुपची निरोपाची मिसळ झाली होती, भाकरवडीची पाकिटं बॅगेत गेली होती आणि तिकडे जाऊन मी काय काय पराक्रम करणार हे सांगूनही झालं होतं.

नयनाला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. रडली नाही. हात धुतले, पुसले.

"आता लोकांना काय सांगणार?"

"तेच तर."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर पांढरं ऊन, एक मांजर गाडीखाली निपचित पडलेलं.

"मग जाऊ या," ती म्हणाली. "इथूनच."

२

कैवल्य आम्हाला विमानतळावर सोडायला आला. नको म्हटलं तरी आलाच. बॅगा उतरवल्या, नयनाच्या पाया पडला, आमच्या दोघांचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. आम्ही काचेच्या दारातून आत गेलो, एका खांबाआड कॉफी प्यायलो आणि त्याची गाडी गेल्यावर टॅक्सी करून घरी परत आलो.

"वेकेशन से वापस?" टॅक्सीवाल्याने विचारलं.

"नाही, अभी शुरू हुआ," मी म्हटलं. त्याने आरशातून माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

आमचं घर म्हणजे एका मोठ्या व्हिलाचा भिंत घालून वेगळा केलेला तुकडा. पलीकडच्या तुकड्यात विजयालक्ष्मी राहायची, हैदराबादची, एकटीच, कान तिखट. म्हणून पडदे ओढलेले, चपला आत, बोलणं हळू. हॉलमध्ये कैवल्यने सरावासाठी आणून दिलेले दोन ट्रेनर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सायकलचं मागचं चाक एका रोलरवर दाबून बसवतात, पुढचं चाक प्लास्टिकच्या ठोकळ्यात अडकवतात. पाय मारले की मागचं चाक गरागरा फिरतं, पुढचं ढिम्म. समोर टीव्हीवर रस्ता दिसतो. तुम्ही जोरात पाय मारलेत तर रस्ता जोरात येतो, थांबलात तर थांबतो. नयनाला हवा होता तोच लोआरचा रस्ता त्यात होता, पाच टप्प्यांत.

नयनाने नियम घातले. तिचा फोन पाच दिवस बंद, कपाटाच्या खणात. सकाळी चहा झाला की निघायचं. दुपारी पाव, चीज आणि सफरचंद, तेही जमिनीवर चादर अंथरून. आणि संध्याकाळी मुक्कामाला नवी खोली.

"नवी कुठून आणायची?"

"आज पाहुण्यांच्या खोलीत. उद्या गार्गीच्या. परवा आपल्या. मग स्वयंपाकघरामागची मेडची खोली."

"ती तर लोणच्याच्या बरण्यांची आहे."

"असू दे. गावात जशी मिळेल तशी."

मी बोटं मोजली. "चारच झाल्या. पाचवा मुक्काम?"

"बघू ना," ती हसून म्हणाली. खूप दिवसांनी हसली होती, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

३

पहिला दिवस मजेचा गेला. एसीची घरघर, चाकांची घूंऽऽ अशी एकसुरी गुणगुण, आणि टीव्हीतून येणारा हिरवा-पांढरा उजेड. रस्ता वळला की तो उजेड छतावरून सरकायचा. पाण्यात बुडी मारून वर पाहावं तसं वाटायचं. पॉप्लरची झाडं यायची, जायची. नदी कधी डाव्या हाताला, कधी गायब. पाटीवरची गावांची नावं नयना मोठ्याने वाचायची, अर्धी अक्षरं गिळून, म्हणे तसंच म्हणतात.

माझा गुडघा तासाभरात बोलायला लागला. मी उतरलो, सोफ्यावर बसलो आणि ग्रुपवर पहिली पोस्ट टाकली. टीव्हीचा फोटो कडा कापून टाकला की कोणाला काय कळतंय! लिहिलं की नदीकाठी एक म्हातारा बकरीचं चीज विकत होता, मी त्याच्याशी मराठीत घासाघीस केली, तो फ्रेंचमध्ये चिडला आणि शेवटी आम्ही दोघं एकमेकांच्या गळ्यात पडलो.

"या ना," नयना सायकलवरून म्हणाली. "पोस्ट मग टाका."

"तू हो पुढे. पुढच्या गावात गाठतो तुला."

ती पुढे झाली. म्हणजे जागच्या जागीच, पण पुढे.

रात्री पाहुण्यांच्या खोलीत आम्ही बॅगा उघडल्या, जणू परक्या घरात. सकाळी मी आधी उठलो. हॉलमध्ये गेलो, पडद्याच्या फटीतून एक उन्हाची काडी आत आली होती आणि नेमकी नयनाच्या सायकलच्या पुढच्या चाकावर पडली होती. टायरला चिखल लागला होता.

मागच्या नव्हे, पुढच्या. जे ठोकळ्यात अडकलेलं होतं.

बोट लावून पाहिलं. ओला, काळा चिखल, त्यात गवताचं एक पातं. माणसाचं डोकं अशा वेळी फार कामसू असतं. एसीचं पाणी ठिबकलं असेल, कोपऱ्यातल्या मनीप्लांटच्या कुंडीतली माती उडाली असेल, असं त्याने लगेच जुळवून दिलं. मनीप्लांटजवळ गवत नव्हतं, पण म्हटलं असेल. फडकं आणून चाक पुसलं. पुसताना ते थोडं फिरलं, आणि थांबायला त्याने जरा जास्तच वेळ घेतला.

४

दुसऱ्या दिवशी कैवल्यचा मेसेज आला. "काका, पुलावरचा फोटो कडक! काढला कोणी?"

मी कोणता फोटो टाकला होता तो उघडला. टीव्हीवरचा दगडी पूल, कमानी, खाली मंद पाणी. मोठा करून पाहिला. पुलाच्या मध्यावर दोन सायकलवाले पाठमोरे उभे होते, कठड्याला टेकून. बाईच्या डोक्यावर नयनाच्या हेल्मेटसारखंच पिवळं हेल्मेट. शेजारचा पुरुष मान मागे टाकून हसत होता.

आता पिवळं हेल्मेट काय, फ्रान्समध्ये हजार बायका घालत असतील. व्हिडिओ काढणाऱ्याने काढला, त्यात वाटेवरचे प्रवासी आले. कैवल्यला लिहिलं, "एका मठातल्या साधूने काढला. मौनव्रत होतं, पण ‘स्माइल’ म्हणाला." त्यावर हसण्याचे पिवळे चेहरे धबाधबा पडले.

दुपारी चादरीवर पाव खाताना नयना म्हणाली, "पुलावर किती गार वारा होता नाही?"

"एसी अठरावर आहे."

"आम्ही थांबलो होतो तिथे बराच वेळ."

"आम्ही कोण?"

ती माझ्याकडे बघून हसली, आजारी माणसाकडे बघून हसावं तसं. तिच्या गालावर, हनुवटीखालच्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना रंग चढला होता. उन्हाळ्याचे चार महिने पडद्याआड राहून माणूस पांढरा पडतो इथे. ती लालसर झाली होती.

संध्याकाळपर्यंत मी पुन्हा सोफ्यावर होतो. मला कबूल केलंच पाहिजे की पोस्टी जमत होत्या. इतक्या चांगल्या कधी जमल्या नव्हत्या. नयना पाय मारत राहायची, मी डोळे मिटून लिहायचो, आणि तो मी, पोस्टीतला, गुडघा न दुखणारा, भलताच उत्साही निघाला होता. चढ चढायचा, द्राक्षमळ्यात शिरायचा, कोणाच्याही लग्नात नाचायचा. तिसऱ्या दिवशी मी त्याला एका उतारावर पाडलं. गोष्टीत जरा रक्त हवं. कोपर सोललं, एका आजीबाईने घरात नेऊन पट्टी बांधली, असं लिहून टाकलं.

दुपारी आम्ही आडवे झालो होतो. नयनाने माझा हात उचलला, कोपर उजेडाकडे वळवलं आणि अंगठ्याने चाचपलं.

"अगं, काय बघतेस?"

"कमाल आहे," ती पुटपुटली. "सकाळी केवढं रक्त होतं."

ती झोपल्यावर मी खण उघडला. तिचा फोन होता तिथेच होता, बंद. चालू करायला गेलो तर बॅटरी कधीच उतरलेली. माझ्या फोनवर वाचलं असेल, म्हटलं. माझा फोन दिवसभर माझ्याच हातात होता, पण म्हटलं.

५

चौथ्या दिवशी मला सोफ्यावर झोप लागली. जागा झालो ते फोनच्या थरथरीने. विजयालक्ष्मीचा मेसेज.

"भैया, आप लोग तो फ्रान्स गया ना? आपके घर में कोई है. बहुत हँसता है. आदमी भी, औरत भी."

मी लिहिलं, "टीव्ही टायमर पे है. चोर के लिए." तिने अंगठा पाठवला.

हॉलमध्ये नयना पाय मारत होती. टीव्हीवर तिन्हीसांजेची गल्ली होती, पांढऱ्या दगडाच्या भिंती, काळपट निळी छपरं, कुठेतरी एक घंटा. आवाज मी सकाळीच बंद केला होता. घंटा ऐकू येत होती.

"नयना, हसत होतीस का मघाशी?"

"तुम्ही हसवत होतात ना," ती समोर बघतच म्हणाली. "पुरे आता, दम लागतो."

मी उठून टीव्हीचा प्लग काढला. पडदा काळा झाला. ती पाय मारत राहिली. काळ्या काचेत तिचं प्रतिबिंब दिसत होतं आणि तिची नजर काचेच्या खूप पलीकडे कुठेतरी लागलेली. वळण आल्यासारखी ती डावीकडे झुकली. मग सावरली.

मी प्लग परत लावला. काय करणार होतो?

मेडच्या खोलीत आम्ही त्या दिवशी मुक्काम केला. एक लोखंडी खाट, खाली गादी, बरण्यांचा मेथी-मोहरीचा वास. मी कपडे बदलून आत आलो तर नयना दचकून उठून बसली.

"तुम्ही? तुम्ही आत्ता अंगणात सायकली लावत होतात ना?"

"कुठलं अंगण?"

तिने दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पुन्हा दाराकडे. अठ्ठावीस वर्षं संसार केलेल्या बाईने आपल्याकडे आपण दोघांतले कोणते हे ठरवण्यासाठी बघावं, असं तुमच्यावर कधी न येवो.

"पुरे झालं," मी म्हटलं. "खलास. मी कैवल्यला सांगतो. आपण घरीच आहोत, व्हिसा नव्हता, हसा म्हणावं काय हसायचं ते. उद्या पडदे उघडू, बाहेर जेवायला जाऊ."

"असं नका करू हो." तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला. "एकच मुक्काम राहिलाय. किती वर्षांनी तुम्ही माझ्याबरोबर..."

"मी कुठे बरोबर आहे? मी सोफ्यावर आहे!"

हे बोलायला नको होतं. ती कुशीवर वळली. तिच्या केसांना ओल्या गवताचा वास येत होता.

मी स्वयंपाकघरात जाऊन मेसेज लिहिला. सगळं खरं खरं. आम्ही गेलोच नाही, या आणि आम्हाला बाहेर काढा. अंगठा बटणावर होता, तेवढ्यात कैवल्यचाच मेसेज पडला.

"मधुकाका, सगळ्यांनी मिळून ठरवलंय. एवढे डिटेल्स बनवून कोणी लिहूच शकत नाही. या वेळी शंभर टक्के. मानलं तुम्हाला! परवा दुपारी घ्यायला येतो."

शंभर टक्के.

मी तो शब्द किती वेळ वाचत होतो कोण जाणे. फ्रिजची मोटर सुरू झाली, बंद पडली, पुन्हा सुरू झाली. मग मी माझा मेसेज एकेक अक्षर खोडला.

६

शेवटच्या दिवशी मी ठरवलं की आज शेवटपर्यंत तिच्याबरोबर पाय मारायचे. गुडघ्याला पट्टा बांधला. ती खूश झाली. "यल्ला, चला," म्हणाली, इथल्या पोरांसारखी, आणि आम्ही निघालो.

ती सकाळ चांगली होती. खरंच सांगतो. सूर्यफुलांची शेतं आली, सगळी एकाच बाजूला तोंड केलेली. धुकं आलं. छतावर पाण्याचा उजेड हलत होता. एका वळणावर मला गालाला वारा लागला, गार, आणि मी एसीकडे पाहिलंच नाही. नयना माझ्या शेजारी होती, तिचं चाक माझ्या चाकाला लागून. "बघा," ती म्हणाली, "किती सोपं आहे." मला वाटलं, असंच करायला हवं होतं की पहिल्यापासून. पोस्टी कशाला?

मग चढ लागला. गुडघ्यात सुई टोचावी तशी कळ आली.

"नयना, हळू."

"वर पोचू या ना. वरून राजवाडा दिसतो."

"मला नाही जमत. थोडा थांबतो."

"थांबू नका हो." तिने पहिल्यांदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "आता नका थांबू."

मी थांबलो. दोनच मिनिटं, म्हटलं. सोफ्यावर पाठ टेकली. चाकाची गुणगुण चालू होती, घूंऽऽ, घूंऽऽ, आणि तिच्यात हळूहळू दुसऱ्या चाकाची गुणगुण मिसळली. बरं वाटलं मला. झोपेत वाटलं की मीच आहे तो.

जाग आली तेव्हा बाहेर संध्याकाळची, मगरिबची अजान चालू होती. हॉल निळसर झाला होता. नयनाची सायकल रिकामी होती. पॅडल अजून फिरत होतं, मंद, कोणीतरी नुकतंच उतरावं तसं.

टीव्हीवर एक दगडी अंगण होतं. भिंतीला टेकून दोन सायकली. वर एक खिडकी, आत दिव्याचा पिवळा उजेड. खिडकीच्या पडद्यामागे कोणीतरी बॅग उघडत होतं, वाकून, एकेक कपडा काढून ठेवत. मग तिथे दुसरं कोणी आलं आणि दोघांची मिळून एकच सावली झाली.

मी सायकलवर चढलो. गुडघा गेला खड्ड्यात, जीव खाऊन पाय मारले. मागचं चाक किंचाळलं, रोलर तापला, रबराचा वास आला. चित्र हललं नाही. कोपऱ्यात बारीक अक्षरं आली की टप्पा पूर्ण झाला आहे. मी "नयना!" म्हणून ओरडलो, विजयालक्ष्मीने ऐकलं तर ऐकू दे. खिडकीतल्या सावलीने मान वर केल्यासारखं वाटलं. मग कोणीतरी आतून झडपा ओढून घेतल्या आणि अंगण अंधारलं.

पाहुण्यांची खोली पाहिली, गार्गीची, आमची, मेडची. पलंगाखाली, कपाटात, न्हाणीघरात. बाहेरचं दार आतून बंद होतं, साखळीसकट. आमच्या दोन बॅगा नव्हत्या. दोन्ही पासपोर्ट नव्हते. माझा चष्म्याचा जोडही नव्हता, आणि दाढीचं सामान.

७

माणसाने पोलिसांकडे जायला हवं होतं म्हणाल. काय सांगत? की आम्ही सगळ्या दोह्याला सांगून फ्रान्सला गेलो, विमानतळावर निरोप घेतला, रोज फोटो पाठवले, आणि माझी बायको हॉलमधून हरवली?

मला एकच ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी विमानतळावर कैवल्य येणार होता आणि आम्ही बाहेर येणार होतो. दुसरी कोणती भेट ठरलेलीच नव्हती. म्हणून मी टॅक्सी करून अरायव्हल्सला गेलो आणि कठड्यापाशी उभा राहिलो.

वाटेत कैवल्यला काय सांगायचं याचा विचार करत होतो. नयना चार दिवस मागे राहिली, तिची फ्लाइट वेगळी आहे, तिला तिकडे शाळेची मैत्रीण भेटली. असल्या गोष्टी मला झोपेत सुचतात. त्या दिवशी एकही पुढे सरकेना. भोवती नावांच्या पाट्या धरलेले ड्रायव्हर, फुगे घेतलेली पोरं, अत्तराचे वास. दारं सरकायची, एक थवा बाहेर पडायचा, दारं मिटायची.

कैवल्य आला. हातात कडक चहाचा कागदी पेला. मी हात वर केला. त्याची नजर माझ्यावरून गेली, पाटीवरून जावी तशी, आणि तो माझ्या शेजारीच, खांद्याला खांदा लागेल असा येऊन उभा राहिला.

"कैवल्य," मी म्हटलं. "अरे, मी."

तो वळला. "येस, सर?" अगदी अदबीने. मग ओशाळं हसला आणि पुन्हा दाराकडे पाहू लागला.

दारं सरकली.

"काका! काकू!" तो माझ्या कानापाशी ओरडला.

नयना बाहेर आली. उन्हाने रापलेली, केस वाऱ्याने कोरडे झालेले, आणि चेहरा असा की मी तो लग्नानंतरच्या एखाद-दुसऱ्या वर्षात पाहिला असेन. तिच्यामागे ट्रॉली होती, ट्रॉलीवर आमच्या बॅगा रचलेल्या, आणि बॅगांच्या मागे ट्रॉली ढकलणारा. मला तो पुरता दिसला नाही. मी पुरता पाहिलाही नाही. दांड्यावरचे दोन हात, टोपीची कड, आणि हसताना मागे टाकलेली मान. तो काहीतरी सांगत होता. आवाज ओळखीचा होता, रेकॉर्ड केलेला आपलाच आवाज ऐकावा तितपत. म्हाताऱ्याची गोष्ट होती, बकरीच्या चीजची, पण मी लिहिली त्याच्या पुढची. मला माहीत नसलेली.

"मग? मग?" कैवल्य त्याच्या खांद्यावर हात टाकून विचारत होता.

नयना मध्येच त्याला म्हणाली, "थांबा, ते मी सांगते," आणि तिघंही हसले.

मी वाटेतच उभा होतो. ट्रॉलीचं चाक माझ्या बुटाला येऊन लागलं. नयनाने वर पाहिलं, थेट माझ्या तोंडाकडे. पाहत राहिली. कपाळाला बारीकशी आठी पडली, नाव आठवत नसलं की तिला पडते तशी. मी तोंड उघडलं. तिचं नाव घेतलं असावं, आवाज फुटला की नाही ते सांगता येत नाही.

मग आठी गेली आणि ती हसली. ते हसू मला चांगलं माहीत होतं. पेट्रोल पंपावर, सुपरमार्केटच्या रांगेत, लिफ्टमध्ये, परक्या माणसांसाठी ठेवलेलं. अठ्ठावीस वर्षं ते मी तिच्या शेजारी उभा राहून पाहत आलो होतो. समोरून कधी पाहिलं नव्हतं.

"भाईसाब," ती म्हणाली, "जरा साइड देंगे?"

मी बाजूला झालो.